कल्हईचा थर: घर्षणाच्या इतिहासातली एक पातळ गोष्ट

(धाराशिव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय तो जरा रुक्ष वाटेल: अतिशय पातळ धातूचे थर, त्यांचं घर्षण आणि वंगण. मघाशी दारात एकाने मला विचारलं, "सर, याचा आणि इतिहासाचा काय संबंध?" (हशा) प्रश्न रास्त आहे. तासाभरात मला एवढंच दाखवायचंय की हा विषय तुमच्या-माझ्या घरात, आपल्या जिल्ह्यात फार वर्षांपासून आहे. शास्त्र म्हणून तो पुस्तकात आला तो फार उशिरा, १९४० च्या आसपास. मधल्या काळात तो कोणाच्या हातात होता, आणि त्या हातांची नोंद का झाली नाही, हा माझा खरा प्रश्न आहे.

इथे बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी कल्हईवाला पाहिलाय. भाता, कोळसा, तापलेलं पातेलं. त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर यायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायची. क्षणात तांब्याचं भांडं चांदीसारखं. आपण म्हणतो, आंबट कळकू नये म्हणून कल्हई. बरोबर आहे. पण कल्हईवाल्याने प्रत्यक्षात काय केलं ते बघा. एका कठीण धातूवर दुसऱ्या मऊ धातूचा अगदी पातळ थर चढवला, आणि तो असा चिकटवला की घासलं तरी सहज निघणार नाही. नवसागराने तांब्यावरचा मळ, म्हणजे ऑक्साइड, खाऊन टाकला, म्हणून कथील धरलं. आजचं व्याख्यान या एका क्रियेभोवती आहे.

आख, वंगण आणि तगर

आधी थोडं मागे जाऊ. आपलं तेर. जुन्या ग्रीक लेखनात याचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. या गावांचा माल गाड्यांवर लादून, धड वाटा नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचा. तगरहून जाणाऱ्या मालात कापड मुख्य. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा तुम्हाला दिसतील.

इतिहासाची पुस्तकं इथे थांबतात: कापड गेलं, सोनं-नाणं आलं. मी यंत्राचा माणूस, मला वेगळा प्रश्न पडतो. महिनाभराची वाट, लादलेली गाडी. ते चाक आखावर फिरत कसं राहिलं? कोरडं लाकूड लाकडावर घासलं तर जळतं, करकरतं, झिजतं. म्हणजे काहीतरी तेल, काहीतरी चरबी मध्ये असणारच. ती कोणी लावली, किती दिवसांनी लावली, याची नोंद कुठेच नाही. व्यापाऱ्याची नोंद आहे, बंदराची आहे. वंगण घालणाऱ्याची नाही.

माझ्या लहानपणी गाडीला वंगण घालायचं काम पोरांकडे असायचं. एरंडीचं तेल, त्यात चिंध्या जाळून केलेली काजळी. कुणी काढायची, चाक थोडं सरकवायचं, आखाला ते काळं बोटाने फासायचं. तुंब्यात लोखंडी आवण बसवलेली असते, ती आखावर फिरते. म्हणजे लोखंडावर लोखंड आणि मध्ये तेलकट काजळी. घरी आल्यावर हात धुवायला अर्धा तास लागायचा आणि तरी आई ओरडायचीच. (हशा)

छोटी गाडी आणि एक हट्टी बूच

आता आपल्या भागात आलेल्या पहिल्या मोठ्या यंत्राकडे येऊ: बार्शी लाइट रेल्वे, आपली 'छोटी गाडी'. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. रूळ अडीच फूट रुंदीचे. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये येडशीवरून लातूर, १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. धाराशिव शहरात ती कधी आली नाही, आपल्याला येडशीला जावं लागायचं. शहराला रेल्वे मिळाली ती या शतकात, रुंद रूळ आले तेव्हा.

कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रूळ हलके ठेवायचे असतील तर प्रत्येक आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि तो सगळ्या आखांवर सारखा वाटायचा. पाच टन, एका आखावर. बैलगाडीशी तुलना करा. एवढा भार एका फिरत्या पोलादी दांड्यावर बसतो आणि तो दांडा पेटत नाही, हे कसं?

याचं उत्तर छोटी गाडी सुरू व्हायच्या थोडंच आधी सापडलं होतं, आणि ते सापडलं एका बुचामुळे. बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेल्वेच्या आखांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. आख फिरायला लागला आणि तेल आत जायच्याऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक लावला. दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर दाब निघाला, भाराच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे फिरता आख स्वतःच तेल ओढून घेत होता आणि त्या तेलावर तरंगत होता. पोलाद पितळेला शिवतच नव्हतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं गणित त्याच्याच समीकरणाने होतं.

मग प्रश्न मिटला का? नाही. तेलाचा पडदा तयार होतो तो आख फिरायला लागल्यावर. गाडी स्टेशनात उभी असते तेव्हा तेल पिळून निघतं, धातू धातूवर टेकतो. शिट्टी होते, पहिला हिसका बसतो, त्या पहिल्या फेऱ्यात तेलाचा पडदा नसतो. तेल संपलं, धूळ शिरली, तेव्हाही नसतो. रेल्वेतली जुनी माणसं 'हॉट ॲक्सल' म्हणतात ते हेच: आखपेटीतून धूर, जळक्या तेलाचा वास, आणि डबा बाजूला काढून ठेवायची वेळ. त्या क्षणी आधार फक्त धातूचा. कोणता धातू कोणत्या धातूवर टेकलाय, यावर सगळं.

गिरणीचं बेअरिंग

यावर कारागिरांनी उपाय आधीच काढला होता. १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने कठीण धातूच्या कवचात मऊ मिश्रधातूचं अस्तर बसवायची रीत पेटंट केली. अमेरिकी काँग्रेसने त्याला वीस हजार डॉलर दिले. मिश्रण म्हणजे बहुतांश कथील, थोडं अँटिमनी, थोडं तांबं. आपल्याकडे याला 'व्हाइट मेटल' म्हणतात, काही मिस्त्री अजून 'बॅबिट' म्हणतात. जगभरच्या रेल्वेने, गिरण्यांनी, जहाजांनी ते उचललं.

ते ओतताना मी पाहिलंय. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गावच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन तेलावाचून चाललं आणि बेअरिंग वितळलं. गिरणी बंद, गाव जात्यावर. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी जुनं अस्तर तापवून काढलं, कवच घासून, तेजाबाने धुऊन साफ केलं. मग नवसागर लावून आतून कथलाचा हात फिरवला. मी विचारलं, "मिस्त्रीकाका, हे काय करताय?" म्हणाले, "कल्हई करतोय. हिच्याशिवाय वरचं मेटल धरत नाही." मग मधल्या दांड्याला दिव्याची काजळी धरली, म्हणजे मेटल त्याला चिकटायला नको. कडा मातीने लिंपल्या. कढईतल्या मेटलमध्ये वाळलेली काडी बुडवली. काडी पेटली नाही, नुसती काळपट झाली, तेव्हा म्हणाले, "आता बरोबर," आणि एका दमात ओतलं. पुढचे दोन दिवस निळा रंग लावून, फिरवून, जिथे टेकतंय तिथे तिथे स्क्रेपरने खरवडत बसले.

जाताना त्यांनी गिरणीवाल्यांना सांगितलं ते मला अजून आठवतं: हे मेटल मऊ कशाला ठेवतात माहितीय का, आख वाचावा म्हणून. तेल संपलं तर हे वितळेल, पण आखाला ओरखडा येऊ देणार नाही.

बघा, त्या एका कामात तीन थर आहेत. कवच, कल्हई, व्हाइट मेटल. आणि चौथा, काजळीचा, चिकटू नये म्हणून. कुठे धातू धरला पाहिजे आणि कुठे धरता कामा नये, हे त्या माणसाला बोटांनी माहीत होतं. मग पुस्तकाला काय माहीत होतं?

दोनशे वर्षांचा वाद

पुस्तकाला नियम माहीत होते. १६९९ मध्ये गियोम आमोंतों याने पॅरिसच्या अकादमीपुढे दोन नियम मांडले. घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं, आणि ते पृष्ठभाग किती मोठा आहे यावर अवलंबून नसतं. वीट आडवी ठेवून ओढा नाहीतर उभी ठेवून ओढा, जोर तेवढाच. दुसरा नियम अकादमीलाही पटला नाही, त्यांनी तो पुन्हा तपासून घेतला. तो खरा निघाला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीने हेच आपल्या वह्यांत टिपून ठेवलं होतं, पण त्या वह्या कोणी वाचल्या नव्हत्या.

नियम आले, कारण? इथे दोन तट पडले. एक म्हणे, पृष्ठभाग खडबडीत असतात, एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यात अडकतात, ते चढून जावं लागतं, म्हणून घर्षण. फ्रान्सचा कूलाँ याच बाजूचा. १७८५ च्या त्याच्या निबंधाने हे मत इतकं पक्कं केलं की आपल्या शाळेच्या पुस्तकात आजही तेच चित्र असतं, दोन करवतीसारखे पृष्ठभाग.

दुसरा तट म्हणे, पदार्थ एकमेकांना चिकटतात. देसाग्युलिये नावाच्या प्रयोगकाराने १७२० च्या दशकात शिशाच्या दोन गोळ्यांचा थोडा थोडा भाग ताजा कापला, पीळ देत एकमेकांवर दाबला, तर ते असे धरले की सोडवायला त्यांच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लागला. पण या तटापुढे अडचण होती. चिकटण्यानेच घर्षण होत असेल, तर मोठा पृष्ठभाग जास्त चिकटला पाहिजे. आमोंतों म्हणतो, तसं होत नाही. म्हणून कूलाँने चिकटण्याचा विचार बाजूला ठेवला.

कूलाँच्या मतातही भोक होतं. स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीने १८०४ मध्ये ते दाखवलं. उंचवटा चढायला जोर लागतो, मान्य. पण मग तो उतरताना परत मिळतो की! येडशीचा घाट चढताना बैल दमतात, उतरताना गाडीच त्यांना ढकलते. चढ-उताराने हिशेब फिटायला हवा. मग उष्णता कुठून येते? हात हातावर चोळले तर गरम का होतात? याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

युद्ध, मेलबर्न आणि इंडियम

उत्तर ज्यांनी दिलं त्यांतला मुख्य माणूस फिलिप बौडेन. जन्म १९०३, टास्मानियातल्या होबार्टचा, संशोधन केंब्रिजला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो ऑस्ट्रेलियाकडे होता आणि तिथेच थांबला. मेलबर्न विद्यापीठात सरकारी संशोधन मंडळाचा 'वंगणं आणि बेअरिंग' असा विभाग त्याने उभा केला. विमानांच्या इंजिनांची बेअरिंग जळत होती, ती टिकवायची होती. १९४० मध्ये त्याचा सहकारी डेव्हिड टेबर तिथे आला. घासणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ट्रायबोफिजिक्स' हे नाव टेबरने सुचवलं. पुढे १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालातून 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द रूढ झाला.

त्यांचं म्हणणं साध्या हिशेबात सांगतो. आरशासारखं घासलेलं पोलादही सूक्ष्मात डोंगराळ असतं. बौडेन यासाठी आल्प्सची उपमा देत असे, आपण बालाघाट घेऊ. बालाघाटाच्या रांगा उचलून उलट्या करून दुसऱ्या रांगांवर ठेवा. किती जागा टेकेल? फक्त शिखरं. शिखरांवर सगळा भार आला की ती चेपतात, आणि भार पेलण्यापुरती जागा झाली की चेपणं थांबतं. समजा एक किलो वजन आहे, आणि पोलादाचा कठीणपणा दर चौरस मिलिमीटरला शंभर किलो. तर खरी टेकलेली जागा एक भागिले शंभर, म्हणजे चौरस मिलिमीटरचा शंभरावा भाग. ठोकळा वितभर असो नाहीतर बोटभर, खरी जागा तेवढीच. वजन दुप्पट, जागा दुप्पट. झाले आमोंतोंचे दोन्ही नियम सिद्ध! आणि त्या एवढ्याशा जागेत धातू खरोखर चिकटतात. सरकवायचं म्हणजे ते सांधे कातरायचे. उष्णता तिथून येते. चिकटण्याचा तट जिंकला, पण 'जागा' या शब्दाचा अर्थ बदलल्यावर.

आता मुद्द्याची गोष्ट. घर्षण म्हणजे खरी जागा गुणिले कातरायला लागणारा जोर. घर्षण कमी करायचंय. मऊ धातू घ्या, सहज कातरेल. शिसं घेऊ. शिसं पोलादापेक्षा वीसेक पट मऊ धरू. कातरायचा जोर विसाव्या हिश्श्यावर आला. पण मऊ म्हणून ते चेपणार वीसपट, जागा वीसपट झाली. गुणाकार तेवढाच! कठीण घ्या, जागा कमी, कातरणं अवघड. मऊ घ्या, कातरणं सोपं, जागा जास्त. इकडे आड, तिकडे विहीर.

यातून वाट एकच: जागा कठीण धातूची हवी आणि कातरणं मऊ धातूचं. म्हणजे पोलादावर शिशाचा किंवा इंडियमचा अतिशय पातळ थर द्यायचा. भार खालचं पोलाद पेलतं, म्हणून टेकलेली जागा वाढत नाही. सरकणं मात्र वरच्या मऊ थरात होतं. १९४३ मध्ये बौडेन आणि टेबर यांनी हे प्रसिद्ध केलं. तेलाचा थेंब नसताना, साफ केलेल्या पोलादाच्या मानाने घर्षण फार खाली आलं, गुणक ०.१ च्याही खाली.

थर किती पातळ हवा? इथे खरी मेख आहे. फार जाड केला तर तो नुसता मऊ धातूच, जागा पसरते. फार पातळ केला तर पोलादाची शिखरं तो भेदून एकमेकांना भिडतात. मध्ये एक सोयीची जाडी असते, साधारण एक मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मिठाईवरचा चांदीचा वर्ख त्याच जातीचा, त्याहून पातळही असतो.

बॅबिटबद्दलही टेबरने एक जुना समज खोडला. पुस्तकं सांगायची की व्हाइट मेटलमधले कठीण कण भार घेतात, म्हणून ते चांगलं. १९४५ च्या त्याच्या अभ्यासात दिसलं की घर्षण मुख्यतः ठरतं ते भोवतालच्या मऊ धातूवर, कठीण कणांचा वाटा थोडा. तांबं-शिसं मिश्रणाचं मात्र वेगळं. त्यात तापल्यावर शिसं वर येऊन पसरतं आणि बेअरिंग आपली कल्हई आपणच करून घेतं.

युद्धातल्या काही मोठ्या विमान इंजिनांमध्ये चांदीच्या बेअरिंगवर शिसं-इंडियमचा थर असायचा. आज ट्रक-ट्रॅक्टरच्या अनेक इंजिनांत बेअरिंग तीन थरांचं असतं: पोलादी पाठ, मध्ये तांबं-शिसं, वर पंचवीसेक मायक्रॉनचा मऊ मुलामा. गिरणीच्या मिस्त्रींचेच तीन थर, क्रम वेगळा. शिसं विषारी, म्हणून आता बिस्मथ, कथील असे पर्याय येत आहेत. ते ओतणाऱ्या, घासणाऱ्या माणसांच्या अंगात वर्षानुवर्षं किती शिसं गेलं असेल, तो हिशेब कोणी मांडला नाही.

जिथे तेल चालतच नाही

एक शेवटचं उदाहरण. मोठ्या क्ष-किरण यंत्रात, सी.टी. स्कॅनमध्ये, काचेच्या किंवा धातूच्या निर्वात नळीत एक तबकडी गरागरा फिरते. मिनिटाला तीन हजार फेरे, काही यंत्रांत नऊ हजारांच्या आसपास. अशी नळी फिलिप्स कंपनीच्या आल्बर्ट बौवर्स याने १९२९ मध्ये बाजारात आणली. तबकडी लाल होईपर्यंत तापते. तिच्या बेअरिंगला तेल घालता येत नाही, तेल उडून जाईल आणि निर्वात बिघडेल. बरं, तेलाशिवाय चालवावं तर निर्वातात धातू जास्तच चिकटतात. हवेत प्रत्येक धातूवर ऑक्साइडची पातळ साय असते, ती आपल्याला नकळत सांभाळत असते. १९३९ मध्ये बौडेन आणि ह्यूज यांनी ती साय निर्वातात काढून दाखवली, तर घर्षण प्रचंड वाढलं. थोडा ऑक्सिजन सोडला, पुन्हा खाली.

मग उपाय? बेअरिंगच्या छऱ्यांवर चांदीचा किंवा शिशाचा पातळ थर. ॲटली आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी निर्वातात धातूची वाफ करून असे वंगणथर देण्याबद्दल १९४० मध्येच लिहिलं होतं, बौडेन-टेबरच्या तीन वर्षं आधी. उपग्रहांच्या यंत्रणांतही शिशाचे असेच थर वापरतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही नळ्यांत द्रवरूप धातू आला, गॅलियमचं मिश्रण. त्या पडद्यावर आख तरंगतो. म्हणजे रेनॉल्ड्स परत आला, तेलाच्या जागी धातू घेऊन.

तुमच्या घरच्या कोणाचा कधी सी.टी. स्कॅन झाला असेल, तर बऱ्याच यंत्रांत त्या वेळी आत एक कल्हई फिरत होती असं समजा.

कोणाची नोंद

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. २०१७ च्या एका जागतिक अंदाजाप्रमाणे जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के घर्षणावर मात करण्यात जाते. आपल्या पाण्याच्या तुटीच्या जिल्ह्यात खोल बोअरमधून उपसलेल्या प्रत्येक हंड्यात त्याचा वाटा आहे. हा लहान विषय नाही.

मिस्त्रींना सगळं आधीच ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. थर किती मायक्रॉनचा हवा, का हवा, जागा आणि कातरणं यांचा गुणाकार, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय निर्वातातली नळी झाली नसती. पण प्रयोगशाळेने प्रश्न घेतले ते कारखान्यातून. टॉवरचं भोक, बॅबिटचं अस्तर, जळणारी विमानं. उलट दिशेने प्रयोगशाळेचं उत्तर गिरणीपर्यंत आलं नाही. ते इंग्रजी नियतकालिकात राहिलं, मिस्त्री आपल्या काडीवर राहिले. दोघांमध्ये तेल नव्हतं म्हणा. (हशा)

छोटी गाडी गेली. व्हाइट मेटल ओतणारी माणसं आता बोटावर मोजण्याएवढी. तुमच्या तालुक्यात असा कोणी म्हातारा कारागीर असेल, तर एक दिवस त्यांच्यापाशी बसा. काडी किती काळी पडली की ओतायचं, हे मोबाइलवर त्यांच्याच आवाजात घेऊन ठेवा. तगरच्या गाडीवानांचं आपण विचारू शकत नाही. यांचं अजून विचारता येतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, बाजारात इंजिन ऑइलमध्ये टाकायला धातूची पावडर मिळते. पातळ थर बसतो म्हणतात. टाकावी का?

उत्तर: आजच्या व्याख्यानातूनच उत्तर काढू. थराला दोन अटी: जाडी मोजकी हवी आणि खालच्या धातूला धरलेला हवा. मिस्त्री आधी तेजाबाने धुवायचे, मग कल्हई. चालू इंजिनात, तेलकट पृष्ठभागावर ओतलेली पावडर नेमकी हवी तिथे, हवी तेवढी बसेल कशी? उलट गाळणी तुंबू शकते. कंपनीने सांगितलेलं तेल वेळेवर बदला, फायदा त्यात आहे.

प्रश्न: मी लोहारा तालुक्यातला. भूकंपही घर्षणानेच होतो असं वाचलं. ते खरं का?

उत्तर: (थोडं थांबून) हो, मोठ्या अंशी. बौडेन आणि लेबेन यांनी १९३९ मध्ये दाखवलं की घासणारे धातू अनेकदा सलग सरकत नाहीत. अडकतात, ताण साठतो, मग एकदम निसटतात. दाराची बिजागरी करकरते ती यामुळेच. १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली यांनी मांडलं की जमिनीतल्या भेगांवर खडकही असेच अडकतात आणि निसटतात, तोच भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथे कोणाला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर, सुमारे आठ हजार माणसं गेली. तो ताण फार काळ साठत आला असणार. बिजागरीला तेल घालता येतं, जमिनीला नाही. आणि ती कधी निसटेल हे आजचं शास्त्र दिवस-वेळ देऊन सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आपल्या हातात घरं आहेत. ती नीट बांधणं, एवढंच.

वेळ संपली.